तीनशे अकरा डाव

—नाही, परत सांग, काय छापणार आहे तुमचं महिला मंडळ? 'बैठ्या खेळांनी उजळलेलं वर्ष'. उजळलेलं. हा शब्द तुझाच असणार, सोनिया. आठवीतल्या निबंधातही तू सगळं उजळवायचीस, मी लाल शाईनं खोडायचे, तू पुढच्या निबंधात परत लिहायचीस. बस. चहा मिळणार नाही, चहा करणारी आता येत नाही. आणि तो मोबाईल आत ठेव, माझा आवाज भरून घ्यायचा नाही. वही नाही आणलीस? स्मरणिकेची संपादक म्हणे. असू दे, लक्षात राहील तेवढं छाप.

वर्षभर खेळले, हे खरं. हे गेल्यावर महिन्याभरानं दीपमालानं पुण्याहून खोकं पाठवलं — आईचा वेळ जाईल म्हणून. पोटची मुलगी, पण तिला वाटतं, वेळ जात नाही एवढंच माझं दुखणं. खोक्यात ल्युडो, सापशिडी, व्यापार, आणि एक कुठला तरी परदेशी खेळ — नियमांचीच बावीस पानं, मेंढी द्यायची आणि विटा घ्यायच्या. तुमच्या मंडळातही आले होते की एकदा, एका बुधवारी. ते काय खेळणं गं? त्या जाड्या वहिनींना सापानं गिळलं की सगळ्या म्हणणार, राहू दे, परत टाका — आणि हसणार. सापानं गिळलं म्हणजे गिळलं. परत नाही आले मी. ह्यांच्याबरोबर तेहतीस वर्षं बुद्धिबळ खेळले, हे फौजेतून सुट्टीवर यायचे तेव्हापासून, एकदाही जिंकू दिलं नाही मला. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही सलाईन लावलेल्या हातानं माझा वजीर उचलला, उशीपाशी ठेवला आणि झोपले. मला आवडायचं ते. सूट कुणाला देतात? लहान मुलाला, नाहीतर ज्याच्यात काही राहिलं नाही त्याला.

तर खोकं आलं, आणि खेळायला कोण? हरणाबाई. स्वयंपाकाला यायची ती. कवठे महांकाळच्या बाजूची, जन्म मेंढरांमागं गेलेला, शाळा दोन यत्ता. दुपारी भांडी आवरली की अडीचला आम्ही बसायचो. तो मेंढीचा खेळ तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "मेंढी दिऊन इटा? कुनी येड्यानं काडलाय ह्यो खेळ?" मग मिटला तो. राहिली सापशिडी. सापशिडीत काय लागतं? मोजता यावं लागतं. ते तिला येईना. सहा पडले की पाचच घरं जायची, शिडी पुढच्या घरात. मी तिचं बोट धरून मोजून घ्यायचे — एक, दोन, तीन — पस्तीस वर्षं हेच केलं मी, पण अशी ढ विद्यार्थिनी पाहिली नाही, तुझ्यासकट. दुसऱ्या दिवशी परत सहाचे पाच. मी म्हणायचे, हरणाबाई, डोक्यात भुसा आहे तुझ्या. ती म्हणायची, "व्हय बाई, भुसाच हाय."

मग मीच विचारलं, तुमच्याकडे काय खेळतात? तर खडू मागून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर वाघ-शेळीचा पट काढला. तुला माहीत नसेल. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघानं उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी घेरून वाघाला कोंडायचं. वाघाला तीन खडे, शेळ्यांना चिंचोके. वाघ मी घ्यायचे. आणि तिची शेळी बरोबर माझ्या तोंडापुढं. रोज. "खाल्लं की वाघानं," म्हणायची आणि चिंचोका उचलून माझ्या हातात ठेवायची. मी सगळं लिहून ठेवलं — शाळेतला एक कोरा हजेरीपट होता घरात. तीनशे अकरा डाव, सगळे धरून. तीनशे अकरा माझे. वर्षश्राद्धाला मेढ्याहून दीर-जावा आले होते, त्यांनाही दाखवला. जाऊबाई खूप हसल्या. हरणाबाई? तिथंच होती, पोळ्या लाटत.

आता मला सांग, जन्मभर शेरडं-मेंढरं राखलेली बाई एवढ्या शेळ्या मरू देईल? शाळेत शिकवत होते मी. हे मला दिसायला नको?

पाहुणे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. वीस मिनिटांत तिन्ही वाघ कोंडले तिनं. मला वाटलं, चुकून. परत मांडला. परत कोंडले. माझ्याकडे बघतही नव्हती, मधेमधे लसूण सोलत होती. तिसऱ्या डावानंतर मी विचारलं, आज काय झालं तुला? तर म्हणते कशी, "वरीस सरलं न्हवं का बाई. आता चालतंय." काय चालतंय? "दुखाच्या घरात वर्साच्या आत जिकायचं नसतंय. आमच्यात तसंच हाय. मानूस गेल्यालं असतंय त्येंचं, आनि आपन आनिक कशाला न्यायचं?"

आनिक कशाला न्यायचं. मग मी बोलले. जे बोलले ते सगळं तुला सांगायची गरज नाही. माझी कीव करायला तुला कामावर ठेवलं नाही, असं म्हणाले. नवऱ्यानं मरतानासुद्धा जे केलं नाही ते तू केलंस, असंही म्हणाले. ती लसणाची सालं गोळा करत होती. मग मी विचारलं, तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्याशी कोण हरलं वर्षभर?

म्हणाली, "माज्यासंगं कोन खेळतंय बाई."

सालं बादलीत टाकली, पदराला हात पुसले, गेली. 'येते' म्हणाली नाही. दुःखाच्या घरातून निघताना म्हणत नाहीत, तसं.

नऊ दिवस झाले. मी काही वाट बघत नाही. दोन्ही बाजूंनी एकटी खेळून बघितलं — नाही जमत, वाघाला शेळीच्या मनातलं आधीच माहीत असतं. — तू? तू खेळणार माझ्याशी? तू मला जिंकू देशील, सोनिया. अजून माझ्यासमोर खुर्चीत नीट टेकून बसत नाहीस तू. तुमच्या मंडळात एक बाई नाही मला हरवेल अशी.

काय म्हणालीस? हरणाबाई तुझ्या आईकडेही स्वयंपाकाला येते? आज सकाळीही आली होती? आणि हे आत्ता सांगतेस. काय केलं होतं — नाही, ते जाऊ दे. काही बोलली का? काही नाही. बरं.

राहते कुठे ती? असं बघू नकोस माझ्याकडे. वर्षभर माझ्या घरात आली, पण कुठून येते ते विचारलं नाही, काम पडलं नाही. रेल्वेच्या पलीकडे. पाण्याच्या टाकीमागं. आणि तिथं नाव काय सांगायचं, आडनाव? — तुला माहीत आहे. बघ, तुला माहीत आहे.

मी जाणार असं म्हणाले नाही. आणि गेलेच, तर माफी मागायला नाही. मुद्दाम हरायलाही नाही — ते मला येत नाही, आणि पहिल्या चालीला तिच्या लक्षात येईल. खरं खेळायचं. तिनं कोंडलं तर कोंडलं.

स्कूटरवर सोडतेस? नको. रिक्षा मिळते कोपऱ्यावर. तुमच्या स्मरणिकेत माझं काही छापू नका, जागा उरली तर सरबताची पाककृती घाला. उठ आता, सोनिया. मला साडी बदलायची आहे.