चुकलेला सूर

रहिमतपूरच्या स्टँडवर माझ्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ गिटार घेऊन बसले होते. त्यांच्या ओळखीच्या एक बाई येऊन टेकल्या.

“हाफिजभाई, गिटार घिऊन कुटं?”

“पलूसला. भाऊसोकडं.”

“तुमच्या रॉक बँडातल्या? बोलणं बंद हाय न्हवं तुमचं?”

“लय वर्सं झाली. काल रेडिओवर आलावता. आवडीची गाणी लावली, मग सोता गायला.”

“काय गायले?”

“म्हणाला, सगळ्यात आवडतं गाणं हाफिजनं केलेलं. आन् माझंच गायला.”

“आवं, मग ग्वाड झालं की!”

“कशाचं ग्वाड, सुलाबाई? दुसऱ्या कडव्यात सूर चुकला त्याचा!”

“मग फोनवर सांगायचं.”

“फोनवर न्हाई जमायचं. शेजारी बसून वाजवावं लागंल. चार दिस तरी ऱ्हावं लागंल.”