गोदीतला उंचवटा

होकान : थांब जरा. कुठला उंचवटा म्हणालीस?

योरिंडे : मधला. गंजक्या क्रेनसमोरचा. आपल्या मैदानात दुसरा होता तरी कुठे?

होकान : तो... काढलात?

योरिंडे : फोडला! घणाने! हे बघ माझे हात, घट्टे पडलेत. जुलैभर राबलीत पोरं, होकान. आता तिथे सलग उतार आहे. वरून सुटलं की स्केटबोर्ड लोण्यावरून गेल्यासारखा जातो. अरे, तू असा काय बघतोस? मला वाटलं होतं, सुट्टीवरून आल्या आल्या पाठ थोपटशील.

होकान : मस्करी करतेयस ना?

योरिंडे : मस्करी कसली? फोटो आहे. हा बघ. ही मी, एक पाय उंचवट्यावर, घण हवेत. पथकाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलाय. लोकांनी बदाम पाठवून पाठवून पान भरवलंय.

होकान : देवा रे. काढून टाक तो.

योरिंडे : का? चांगला आलाय की.

होकान : योरिंडे, काढ म्हणतो ना तो फोटो!

योरिंडे : काढते, काढते. ओरडतोस कशाला? इथे आल्यापासून पहिल्यांदा तुझा आवाज चढलेला ऐकला मी. परवानगीचं म्हणतोयस का? अरे, मागायची कुणाकडे? जुलै लागला आणि अख्खा स्वीडन कुलूप लावून बेटांवर गेला. नगरपालिकेत फोन केला तर मशीन बोलतं. तुझा फोन बंद. टूरे पथकातल्या मोठ्या पोरांना घेऊन बार्सेलोनाला. मागे राहिलं कोण? ज्यांना सुट्टीत कुठे जाता येत नाही ती लहान पोरं, आणि नेदरलँड्सहून फुकट राबायला आलेली मी.

होकान : परवानगीचं नाही बोलत मी.

योरिंडे : जाताना तूच म्हणालास, पोरं म्हणतील ते कर, मला विचारत बसू नकोस. आपल्या पथकाचा नियमच आहे तो. पोरं म्हणाली, हा मधला धोंडा काढू या. दर वेळी चाकं अडकतात. त्या छोट्या सनाचा दात पडला त्याच्यावर. हात वर करून मतं घेतली आम्ही. एकही हात खाली नव्हता!

होकान : लहान पोरांना माहीत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

योरिंडे : काय सांगितलेलं नाही?

होकान : बस आधी.

योरिंडे : नाही बसत. काय ते बोल.

होकान : टूरेची पोरं त्या उंचवट्याजवळून जाताना काय करायची, पाहिलंयस?

योरिंडे : पाहिलंय की. बोर्डाची शेपटी दोनदा जमिनीवर आपटायची. चिखल झाडतात, म्हटलं.

होकान : चिखल! तू स्वतः लहानपणापासून बोर्डावर. शेपटी आपटतात कधी?

योरिंडे : कुणी झकास उडी मारली की. टाळ्यांऐवजी. पण तिथे कोण उडी मारत होतं? सगळे तर बाजूनेच... होकान, कुणासाठी आपटत होते ते?

होकान : विल्गोतसाठी.

योरिंडे : विल्गोत कोण?

होकान : गोदी बंद पडली तेव्हा इथे नुसतं गवत आणि काचा होत्या. मैदान त्याने सुरू केलं. कुठून कुठून सिमेंट आणायचा, विचारायची सोय नव्हती. सगळ्यांचा म्होरक्या. एकोणिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, बंदरातल्या बर्फावरून पलीकडे निघाला. रोजची वाट होती त्याची. बर्फ कच्चं झालं होतं.

योरिंडे : अरेरे. म्हणजे तो उंचवटा त्याने बांधलेला? त्याची आठवण होती ती?

होकान : त्याने नाही बांधला. पोरांनी बांधला. योरिंडे... त्यात तो होता.

योरिंडे : म्हणजे?

होकान : त्याची राख. सिमेंटमध्ये कालवली होती. घमेलं मी धरलं होतं.

योरिंडे : नाही.

होकान : हो.

योरिंडे : नाही, नाही. होकान, नाही! अरे मग पाटी का नाही तिथे? एक एवढीशी पाटी!

होकान : कायद्यात बसत नाही. राख अशी हवी तिथे ठेवता येत नाही आमच्याकडे. सिमेंटात कालवायचं तर नावच काढू नको. पाटी लावली असती तर दुसऱ्या दिवशी साहेब लोक दारात. म्हणून ठरलं, कुणी बोलायचं नाही. ज्याला माहीत त्याला माहीत. तू नवी आहेस हेच विसरलो मी. किती सहज मिसळून गेलीस.

योरिंडे : मी दोन दिवस घण घातले त्याच्यावर. फुटेना तेव्हा शिव्या दिल्या, डच शिव्या. पोरांना शिकवल्यासुद्धा.

होकान : तुकडे कुठायत? राडारोड्याची गाडी येऊन गेली का?

योरिंडे : गाडीत नाही दिले. त्याहून वाईट केलं. सिमेंट कमी पडत होतं. म्हणून भराव घातला, नव्या उताराच्या पोटात. आपण नेहमी घालतो तसाच. विटा, दगड आणि ते तुकडे. पायांनी दाबले मी, होकान. पक्के बसावेत म्हणून त्यांच्यावर नाचलो आम्ही. गाणं लावून.

होकान : सगळे घातलेस?

योरिंडे : हो. एक सोडून.

होकान : तो कुठे आहे?

योरिंडे : तुझ्या मागे. वाऱ्याने दार आपटत होतं, म्हणून लावलाय.

होकान : हा? अगं, मघाशी आत येताना मी पायाने सरकवला ह्याला!

योरिंडे : थांब, मी तो उचलून टेबलावर ठेवते.

होकान : सांभाळून. आज वार कुठला?

योरिंडे : गुरुवार.

होकान : मेलो. मायकेन येईल.

योरिंडे : बनमावशी? येऊ दे रे. तिला पाहून जरा बरं वाटेल. तिच्यासाठी मी बाकही केलाय. बिचारी भर थंडीत दालचिनीच्या बनांचा डबा मांडीवर घेऊन त्या उंचवट्यावरच टेकायची. म्हटलं, म्हातारीला निदान पाठ टेकायला... होकान? होकान, ती तिथेच का बसायची?

होकान : कळलंय तुला.

योरिंडे : तू तोंडाने बोल.

होकान : विल्गोतची आई आहे ती.

योरिंडे : मी जाते. आजच्या गाडीने जाते घरी. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?

होकान : गप्प. कुठेही जायचं नाही. नीट ऐक. आपण सांगू, नगरपालिकेने फोडला. माणसं आली, यंत्र आणलं, आम्हाला कुणी विचारलं नाही. तिला पटेल. त्यांच्यावर आधीपासून राग आहे तिचा.

योरिंडे : आणि मी? दर गुरुवारी तिच्या हातचा बन खाऊ आणि गोड हसू?

होकान : खरं सांगून काय मिळणार आहे? पोर एकदा गेलंच आहे तिचं. आता पुन्हा...

(बाहेर भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज. दालचिनीचा वास.)

मायकेन : दार सताड उघडं आणि दोघं आत भुतासारखी. काय झालं? कुणी मेलंबिलं की काय?

होकान : ये, मायकेन. बस. बहिणीकडे कशी गेली सुट्टी?

मायकेन : पाऊस थांबेना आणि बहिणीचं तोंड थांबेना. बसायला नाही आले मी. मैदानावरूनच येतेय.

होकान : म्हणजे पाहिलंस.

मायकेन : पाहिलं. वाटलं, वाट चुकले. परत रस्त्यापर्यंत गेले, पुन्हा आले. क्रेन तीच. पाणी तेच. आणि मध्ये काहीच नाही. एक हिरवा बाक, त्याच्यावर माझं नाव. होकान, कुणी केलं हे?

होकान : अगं, ती नगरपालिकेची माणसं आहेत ना...

योरिंडे : मी केलं.

होकान : योरिंडे!

योरिंडे : मी, मावशी. मला माहीत नव्हतं. आत्ता कळलं, तुम्ही यायच्या जरा आधी. घणाने फोडला. तुकडे नव्या उताराच्या पोटात आहेत, भराव म्हणून. हा एक दाराशी होता. तुम्ही मला मारा, हाकलून द्या, काय वाटेल ते करा. पण खोटं नाही बोलवत तुमच्याशी.

मायकेन : तो तुकडा दे इकडे.

योरिंडे : जड आहे, मावशी.

मायकेन : पोटात नऊ महिने वागवलाय त्याला. दे.

होकान : मायकेन... मांडीवर नको घेऊस त्याला.

मायकेन : महिनाभर पाठ फिरवली मी, महिनाभर. बाहेर पडायलाच नको होतं. ए मुली, रडणं थांबव आधी. फोडायला किती वेळ लागला तुला?

योरिंडे : दोन दिवस. फुटतच नव्हता.

मायकेन : नाहीच फुटणार. सकाळी त्याला अंथरुणातून काढायलाही एवढाच वेळ लागायचा.

होकान : तू हसतेयस?

मायकेन : मला नाही माहीत मी काय करतेय. होकान, एक बोलू? इतकी वर्षं बोलले नाही.

होकान : बोल.

मायकेन : वाईट बांधला होतात तुम्ही तो.

होकान : काय?

मायकेन : वाकडा. भेगाळ. विल्गोतने पाहिला असता तर म्हणाला असता, कुठल्या गाढवाने कालवलंय हे?

होकान : आम्ही रडत होतो, मायकेन. सगळेच.

मायकेन : म्हणून तर पाणी जास्त झालं. तुम्ही मायेने केलेलं, मी कोण नावं ठेवणार? पण मी तिथे बसायचे ना, मी बघायचे. पोरं वरून भरधाव यायची, आणि माझ्या पोराजवळ आली की वळायची. मोठी पोरं मान खाली घालून. लहानगी करवादत, हा धोंडा कशाला मध्ये म्हणून. माझ्या पोराला धोंडा म्हणायची, आणि मी हसून बन पुढे करायचे. बन आणत कशाला होते मी?

योरिंडे : मला वाटलं, हौस आहे तुम्हाला.

मायकेन : कसली हौस? जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात. पिठाचा वाससुद्धा नको होतो मला. पोरं जवळ यावीत म्हणून आणायचे. बन नसता तर त्या कोपऱ्याशी कोण फिरकलं असतं?

होकान : हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

मायकेन : तुला सांगितलं असतं तर फुलं ठेवायला लागला असतास. मग तर कुणीच आलं नसतं. आज मी तिथे उभी होते. तेवढ्यात ती सना सुटली वरून, दात पडलेली. माझी मान सवयीने वळली, आता ही कुठे वळते बघायला. आणि ती वळलीच नाही. समोरून सरळ निघून गेली. आरडाओरडा करत.

योरिंडे : ती तशीच ओरडते.

मायकेन : आणि आता तू म्हणतेस, तो तिथेच आहे. त्याच उतारात.

योरिंडे : बरोबर मधोमध. जिथे वेग सगळ्यात जास्त असतो.

मायकेन : खोटं नाही ना बोलत? मला बरं वाटावं म्हणून?

योरिंडे : मी स्वतः रचले, मावशी. एकेक तुकडा. ह्या हातांनी.

मायकेन : तू जातेस त्याच्यावरून?

योरिंडे : रोज जायचे. आता नाही. आता पायच धजणार नाही माझा.

होकान : पोरांनाही थांबवतो मी. दोरी बांधू सगळीकडून. टूरे आला की बसू, काय करायचं ते ठरवू.

मायकेन : दोरी बांधलीस तर हाच तुकडा घालीन डोक्यात तुझ्या. सिमेंट आहे का शिल्लक?

होकान : असेल अर्धं पोतं.

मायकेन : मग हाही त्यांच्यात जाईल. दार कशाला धरून बसेल तो? पाणी मात्र मी घालणार. तुम्हा दोघांचा भरवसा नाही मला.

योरिंडे : मावशी, तुम्ही मला रागावत का नाही?

मायकेन : रागावणार आहे. उद्या रागावेन, परवा तर जास्तच. घरी जाऊन रडेनही, तुझ्या नावाने. आज नाही जमत. बोर्ड कुठाय तुझा?

योरिंडे : बाहेर.

मायकेन : घे. मी त्या बाकावर बसते, बघू पाठ टेकते का. होकान, डबा उचल. बन गार होतायत.

योरिंडे : मला भीती वाटतेय, मावशी.

मायकेन : मलाही वाटतेय. जा वर. आणि हे बघ, जवळ आलीस की वळू नकोस.