मंदारची गाडी का मान टाकायची

मंदारच्या जुन्या मसल कारचं काय झालं ते सांगितलं का तुम्हाला? मी, आदित्य आणि मंदार, तिघेही इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, गाड्यांचेच इंजिनिअर. आणि ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, हिरवा दिवा लागला की आमची गाडी झेपावायच्या ऐवजी जागीच मान टाकायची. कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलले, टायमिंग सेट केलं. काडीचा फरक नाही, यार.

त्या शनिवारी पुण्याहून आलेले मंदारचे बाबाही बरोबर होते. गाडीने पुन्हा मान टाकली, तसे काका खुशीत म्हणाले, "बघितलंत? रेस न देता क्लच सोडला! मीच शिकवलंय. पेट्रोल वाचतं."

आदित्यने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मी काकांना फ्राइज घ्यायला स्टॉलवर नेलं. इकडे आदित्यने मंदारला दम भरला, "बाबा गेलेत. आता आधी चांगली रेस दे, मगच क्लच सोड."

गाडी अशी सुटली की स्टॉलचा पत्रा थरथरला.

काकांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. फ्राइजवर मीठ भुरभुरत म्हणाले, "कुणाचं कार्टं आहे रे हे? बापाने काही शिकवलेलं दिसत नाही."