तिसरं स्तोत्र

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर दोन म्हातारे मित्र बसले होते. त्यातल्या एकाने पिशवीतून जुनी सीडी काढून दुसऱ्याच्या हातात ठेवली.

"अरे, ही तर आपल्या कॉयरने गायलेली. पाचशे वर्षांपूर्वीची लॅटिन स्तोत्रं, साथीला एक वाद्य नाही. कुठे मिळाली?"

"आईच्या कपाटात. दर रविवारी लावायची. तिसरं स्तोत्र आलं की सगळ्यांना गप्प बसवायची. म्हणायची, हा बघा माझा लेक."

"तिसरं? त्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तर तुझा घसा बसला होता."

"पार बसला होता. मध्येच खोकेन म्हणून सरांनी मला दाराबाहेर बसवलं होतं."

"मग आई ऐकायची कुणाला?"

"तुला. माझी एकट्याने गायची ओळ तूच गायली होतीस ना."

"आणि इतकी वर्षं तू तिला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? ऐकताना माझा हात धरून बसायची."

"मलाही कधी बोलला नाहीस."

"आता बोललो ना. घे, ठेव तुझ्याकडे. कानाला मशीन बसलं की पहिलं हेच ऐक. ती होती तोवर तो आवाज माझा होता."