कडेचा तुकडा

आई: आणि चाळणी?

मावशी: चाळणीही नवी. टिन नवा, चमचे नवे. ओव्हनची जाळी घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. या दुकानात आता मीच तेवढी जुनी उरलेय, ताई. मला काही बदलून आणता आलं नाही.

लेक: तुझी गॅरंटी नव्हती का मावशी?

मावशी: होती गं. तुझ्या आईने रद्द केली.

आई: चेष्टा पुरे. मैदा?

मावशी: बंद पुडा. तुझ्या लेकीच्या डोळ्यांदेखत फोडला. आधी तिने पुड्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचलं, मग मला चष्मा लावून वाचायला लावलं. ही म्हातारी कुणावर गेलीय ते सांगायला नकोच.

लेक: आई, मी सगळं बघितलंय. लोणी, अंडी, साखर. कोकोचा पहिला डबा तर मी परत पाठवला. त्यावर लिहिलं होतं, याच कारखान्यात बदाम-अक्रोडाचाही माल तयार होतो.

मावशी: दुकानदार मला म्हणाला, बाई, केक करताय की औषध?

आई: मग काय म्हणालीस?

मावशी: म्हटलं, दोन्ही. बस ना गं. आल्यापासून दारात उभी आहेस. पाय दुखत नाहीत का?

आई: दिवसभर दुसऱ्यांचे पाय बघते, माझे कुठे बघत बसू. आज तर शेवटी गुडघेवाल्या आजी आल्या. पाऊण तास उशिरा. वर स्वतःची तेलाची बाटली घेऊन. याच तेलाने चोळ म्हणाल्या, दुसऱ्या कशाने मला गुण येत नाही.

मावशी: आणि तू चोळलंस.

आई: ऐंशीच्या पुढच्या बाईशी कोण वाद घालणार? तिथून तडक इकडेच आले. हात तिथे धुतले, इथे आल्यावर पुन्हा धुतले. बघ, वास घे.

मावशी: साबणाचा आहे. पास.

लेक: चला, आईची परीक्षा झाली. आता केक थंड झाला का?

मावशी: झालाय. पण घाई केलीस तर मोडेल. थांब जरा.

लेक: मी पहिलीपासून थांबलेय, मावशी.

आई: तुला हजारदा सांगितलंय, तो विषय नको.

लेक: नको कसा? आठवड्याने मी होस्टेलवर जाणार. तिथल्या स्वयंपाकघरात मलाच सांगायचंय, मला काय चालत नाही आणि एकदा काय झालं होतं ते. आणि मला धड माहीतच नाही. मला आठवतं ते एवढंच, की एक पिवळी मेणबत्ती होती, आणि आई मला उचलून अनवाणी धावत होती.

आई: तेवढं आठवतंय ते पुरे आहे.

लेक: मावशी, तू सांग.

मावशी: तुझ्या आईला विचार आधी.

आई: ...सांग. मोठी झालीय ती. पण मध्ये रडायचं नाही. कुणीच.

मावशी: त्या केकमध्ये बदाम नव्हता, म्हातारे. काजू नाही, अक्रोड नाही, काही नाही. मी ताईला तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

लेक: मग?

मावशी: केकमध्ये नव्हता. टिनला होता. आमच्या उस्तादांनी शिकवलेलं, टिनला लोणी लावलं की वर बदामाची पूड भुरभुरायची. केक चिकटत नाही, कडा खमंग होतात. मी ते हजारो वेळा केलं असेल. ते मला काही घातल्यासारखं वाटायचंच नाही गं. दार लोटल्यावर कडी लावतो, तसं. कडी लावली हे कुणाच्या लक्षात राहतं?

लेक: आणि मी कडेचा तुकडा मागितला.

आई: तू नेहमी कडेचाच मागायचीस.

लेक: म्हणून आई अजून माझ्या केकच्या कडा कापून टाकते. विकतच्या बंद पाकिटातल्यासुद्धा. मध्यंतरी पावाच्याही कापायची.

आई: पावाच्या आता नाही कापत.

लेक: मी दुसरीकडे बघत असले तर कापतेस.

मावशी: ताई, खरंच?

आई: हात जातो आपोआप. तुला काय हसायला झालं?

मावशी: हसत नाहीये मी.

लेक: मध्ये रडायचं नाही असं ठरलं होतं. आई, आता मी एक सांगू? रागावू नकोस. मी इथे येते अधूनमधून. शाळेतून सुटल्यावर. खात काहीच नाही, नुसती बसते त्या स्टुलावर. आणि तुला माहितीये का, मावशीच्या दुकानात बदाम नाहीत?

आई: म्हणजे?

लेक: म्हणजे नाहीतच. अक्रोड नाहीत, काजू नाहीत. बदाम केक पाटीवर होता ना, मोठ्या अक्षरांत? तिथे आता नुसता रंग फासलाय.

मावशी: पाटी जुनी झाली होती.

लेक: लोक येऊन विचारतात, पूर्वी मिळायचा तो बदाम केक कुठे गेला? ही म्हणते, भट्टीला मानवत नाही.

आई: मला का नाही सांगितलंस?

मावशी: काय सांगू? तू दुकानात येत नव्हतीस. घरी यायचीस, पाणी प्यायचीस, तब्येत विचारायचीस. मी बिस्किटांची बशी पुढे केली की तुझ्या पोटात कळ यायची आणि हिचा अभ्यास निघायचा. मग मीच बशी ठेवायची बंद केली. बहिणीला पाहुण्यासारखं वागवायला मला जड जात होतं.

आई: मलाही जडच जात होतं.

मावशी: माहितीये.

लेक: मला तर सगळ्यात जड. माझी मावशी केक करते, आणि शाळेत सगळे म्हणतात, तुझी तर मज्जा असेल. आई, तिथे होस्टेलवर मी अनोळखी माणसांच्या हातचं खाणार. तू त्यांना फोन केलेस, दोनदा जाऊन भांडी बघून आलीस, हो म्हणालीस. मग मावशीच्याच हातचं का नाही? मला ते खाऊन जायचंय. मला दुसरं काही नको.

आई: म्हणून तर आलेय ना मी. डॉक्टरांना विचारलंय. इंजेक्शन कुठाय?

लेक: खिशात. दुसरं तुझ्या पर्समध्ये. गाडी दारात. दवाखाना चौकात. आणि आता तू आधी खाणार, आणि मग माझ्याकडे टक लावून बसणार.

मावशी: ही आधी खाते?

लेक: नेहमी! लग्नाचा हॉल असो, की मैत्रिणीचा वाढदिवस. ही आधी एक घास खाते आणि डोळे मिटते. आई, तुला काय होणार आहे? तू बदामाचं पोतं खाल्लंस तरी तुला ढेकर येईल फक्त.

आई: चवीवरून कळतं मला.

लेक: आणि मावशी, तुझाही तुकडा आहे हं. नाही म्हणायचं नाही.

मावशी: माझी साखर, बाई.

लेक: सकाळी किती होती?

मावशी: शहाण्यासारखी होती. डॉक्टरांनी मला आठवड्याला एक घास मंजूर केलाय. मागच्या दोन आठवड्यांचे मी शिलकीत टाकलेत.

लेक: असे घास साठवता येत नाहीत!

मावशी: केक करणाऱ्या बाईला साखर झाली, यावर देव वर बसून किती हसला असेल! आता त्याच्याकडून तीन घास वसूल करू दे मला.

लेक: एक. नखाएवढा.

मावशी: कुणाच्या नखाएवढा? अंगठ्याच्या म्हण.

आई: दोघी गप्प बसा. आण तो केक इकडे. सुरी मी घरून आणलीय.

मावशी: अगं, दुकानात सतरा सुऱ्या आहेत.

आई: आहेत ना, म्हणूनच आणली.

मावशी: ...बरं. तुझ्याच सुरीने काप. हे घे. ताट नवं आहे हेही.

लेक: किती सुंदर वास येतोय. फोटो काढू?

आई: आधी खा, मग काढ. सरक, ही गुंडाळी सोडू दे मला. म्हातारे, तू... बघ, मीही तेच म्हणायला लागले.

मावशी: थांब.

आई: काय?

मावशी: ताई, थांब. सुरी टेकवू नकोस केकला. तशीच धरून ठेव, मी लांबूनच धार बघते जरा. ...बोथट आहे गं. चुरा होईल.

आई: परवाच धार लावून आणलीय.

मावशी: मग फार धार आहे. राहू दे बाजूला. हा केक हातानेच तोडतात, मऊ आहे.

लेक: मावशी, तुला खोटं बोलायला अजिबात जमत नाही.

आई: काय आहे ते सरळ सांग.

मावशी: हा टॉवेल कुठला, ताई?

आई: माझाच. बॅगेतला. सकाळी सुरी कागदात होती, तो फाटला. उघडी कशी ठेवणार, म्हणून तिथून निघताना यात गुंडाळली.

मावशी: कामावरचा?

आई: हात पुसायचा. स्वच्छ आहे, आजच...

मावशी: वास घे.

(आई टॉवेल नाकाशी नेते. ओव्हनचा पत्रा थंड होताना टक टक वाजत राहतो.)

आई: बदामाचं तेल.

लेक: त्या आजींची बाटली?

आई: हो. मी हात पुसले होते. आधी पुसले, मग धुतले. आणि त्यातच... अगं, मी त्यातच सुरी गुंडाळली.

मावशी: म्हातारे, तू खिडकीपाशी जा. कशाला हात लावलास?

लेक: नाही. कशालाच नाही. मी ठीक आहे, आई.

मावशी: केकला काही लागलेलं नाही, मी बघत होते. ताट इकडे घेतलं मी. ताई, टॉवेल, सुरी सगळं या पिशवीत टाक. बॅगही. गाठ मार आणि मागच्या दाराबाहेर ठेव. मग हात साबणाने, कोपरापर्यंत. हा माझा एप्रन घे, धुतलेला आहे. ताई? ऐकतेस ना?

आई: तुला कसं कळलं?

मावशी: या खोलीत इतकी वर्षं बदामाचा वास नाही. आला की लगेच कळतो. आता ऊठ.

लेक: आई, जा ना. हात धू.

आई: ...धुतेय. हे बघ, दोनदा. मी घरी आल्यावर कपडे बदलल्याशिवाय तुला हातसुद्धा लावत नाही गं. टॉवेल बाहेरच्या बादलीत टाकते. रोज.

लेक: मला माहितीये. म्हणूनच तू आल्या आल्या मला जवळ घेत नाहीस. मी लहान असताना मला वाटायचं, तू रागावलेली असतेस.

आई: नाही गं बाळा.

लेक: माहितीये म्हटलं ना.

आई: आणि आज मी सुरी घरून आणली. का, तर हिच्या सुऱ्यांवर माझा विश्वास नव्हता.

मावशी: सुरी बॅगेत ठेवायची म्हटलं की हात टॉवेलच काढणार. रोजचं वळण आहे ते. हात कुठे डोक्याला विचारायला जातो.

आई: तू हेच सांगत होतीस तेव्हा. दवाखान्याच्या जिन्यात. ताई, माझ्या हाताने केलं गं, मला कळलंच नाही. आणि मी काय म्हणाले होते?

मावशी: जाऊ दे.

आई: मी म्हणाले होते, असला हात तोडून टाक.

मावशी: लेक आत होती तुझी. मीही तेच म्हणाले असते.

आई: मग आता म्हण ना मला.

मावशी: मी कशाला म्हणू? तुझ्या हातांनी किती म्हातारी माणसं जिने चढतात. आणि काही झालेलं नाही, ताई. टेकली नव्हती सुरी.

आई: तू होतीस म्हणून.

मावशी: मी होते, ही होती, तूही होतीस. तिघी बघायला असल्या की एकीचं चुकलं तरी चालतं. एकटीने किती बघणार? तू एकटीच बघत होतीस गं इतकी वर्षं. दमली नाहीस का?

आई: दमलेय. खूप दमलेय.

लेक: मध्ये रडायचं नाही असं... जाऊ दे. रडा. दोघी रडा. पण केकपासून लांब.

मावशी: बघ कशी बोलते! हिच्या होस्टेलातल्या स्वयंपाक्याचं काही खरं नाही.

आई: तो बिचारा पळून जाईल.

लेक: नाही पळणार. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगणार, माझ्या मावशीकडून हजारदा केलेल्या कामात चूक झाली आणि माझ्या आईकडून रोजच्या टॉवेलची झाली, तर दादा, तुमच्याकडूनही होईल. म्हणून मी रोज विचारणार. राग मानू नका.

मावशी: ताई, ऐकलंस?

आई: ऐकलं. ...आण, सुरी दे मला.

मावशी: बाहेर ठेवलीस ना ती?

आई: तुझी दे.

मावशी: माझी कुठली?

आई: कुठलीही. सतरांतली कुठलीही.

मावशी: ...ही घे. नको, मीच कापते. तुझे हात अजून ओले आहेत.

आई: तूच काप.

लेक: आई, तू आधी खा. मी थांबते.

आई: नको. आज तू आधी.

लेक: खरंच? डोळे मिटून चव नाही बघणार?

आई: मला काय होणार आहे? मला तर ढेकर येईल फक्त.

मावशी: हे घे, म्हातारे. मधला, अगदी पोटातला तुकडा दिलाय. कुठे टिनला लागलेला नाही. मऊ आहे बघ.

आई: थांब.

मावशी: आता काय?

आई: मधला नको. तिला कडेचा दे. तिला कडेचाच आवडतो.