थांबली की बंद

(सन २००९. मुरबाडच्या बाजारात वाहनांची रांग. टोकावड्याहून आलेल्या प्रवासी जीपमध्ये पुढे कुंडलिक आणि त्याची मुलगी काजल. मागे कोणी नाही.)

काजल : परत दाबलंस ते बटण?

कुंडलिक : हां.

काजल : अरे बाबा, चांगली सोय हाय ना ती. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. नवी गाडी आणलीस तेव्हा गावभर तूच सांगत फिरलास. आन आता बटण दाबून तीच बंद करतोस. कधीचे उभे, तर गाडी नुसती धडधडते.

कुंडलिक : धडधडू दे.

काजल : थांब, मीच दाबते.

कुंडलिक : हात नको लावू!

काजल : ओरडतोस काय?

कुंडलिक : ओरडलो नाय गो. राहू दे, बस.

काजल : आय गेल्यापासून असाच करतोस. चांगोकाका बोलला, चहा प्यायला उतरतोस तरी गाडी चालूच. लोक हसतात.

कुंडलिक : हसू देत.

काजल : मला कोणी नीट सांगितलंच नाय. मी वाशिंदला ड्यूटीवर. भारा उचलताना साप चावला, रस्त्यात गेली. एवढंच.

कुंडलिक : एवढंच झालं.

काजल : बाबा.

कुंडलिक : ...तू बसलीस तिथंच होती. टोकावडं सोडलं तवा चांगली बोलत होती. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं, बोलली. मग पापण्या जड झाल्या. उघडतच नव्हत्या. मला काय दिसत नाय, बोलली. मी बोललो, नको बघू. नुसती बोलत राहा. मुरबाड आलंच.

काजल : मग?

कुंडलिक : वाटेत ट्रक आडवा झालेला. ही रांग. जरा पुढं सरकायचं, थांबायचं. थांबली की इंजिन बंद. तिला दिसत नव्हतं ना. गाडी गप झाली की तिला वाटायचं, दवाखाना आला. विचारायची, "पोचलो का?" पदर सावरायची, उतरायचं म्हणून.

काजल : आई गं.

कुंडलिक : मी बोलायचो, नाय गो, थोडं राहिलंय. परत सरकायचं, परत बंद. परत ती, "पोचलो?" दर टायमाला आवाज बारीक.

काजल : बटण दाबायचंस ना तेव्हा.

कुंडलिक : सुचलंच नाय गो. रोजची गाडी, रोजचं बटण. एका हातात स्टेरिंग, दुसऱ्या हातानं तिला धरलेली.

काजल : हं.

कुंडलिक : मग एकदा इंजिन बंद झालं. मी "नाय गो" बोलायच्या तयारीत. ती बोललीच नाय. पुढच्यामागच्या सगळ्या गाड्या बंद. रानातला होला घुमत होता, तो ऐकू आला. आता गाडी गप झाली की मी वाट बघतो, विचारील म्हणून. परवा प्यासिंजर होते मागं, आन माझ्या तोंडातून गेलंच, "नाय गो, थोडं राहिलंय." एक म्हातारी बोलली, मी कुठं काय विचारलं, दादा?

काजल : हे सगळं एकटाच घेऊन फिरतोस? मला तरी सांगायचंस.

कुंडलिक : तुझं नाव घेतलं होतं तिनं.

काजल : काय बोलली?

कुंडलिक : "काजलला फोन नको करू. उगाच ड्यूटी बुडवून येईल." मी ऐकलं तिचं. तुला उशिरा कळवलं.

काजल : (डोळे पुसते.)

कुंडलिक : रड. पुसू नको. रड.

काजल : ...रांग सुटली बघ.

कुंडलिक : हां. वाशिंदची यष्टी चुकंल तुझी.

काजल : नाय जायाचं मला. गाडी वळव, घरी जाऊ.

कुंडलिक : आन ड्यूटी?

काजल : बुडू दे.