पांढरा म्हणजे काही नाही

आता दिव्याला कुंकू लावलं म्हणून माणसाला मेमो द्यायचा? तुम्हीच सांगा! मेमो, तोही इंग्रजीत! साहेबानं स्वतःच वाचून दाखवला आणि वर माझी सही घेतली... पण तुम्हाला सांगतो, चूक माझीच. म्हणजे माझी नाही, रतनबाईची, आमच्या मंडळींची.

आमच्या गावचं टेलिफोन एक्सचेंज म्हणजे एक खोली. एकवीस फोन, मागे बॅटऱ्या, राखायला मी, भिमाजी. भिंतीवर तीन दिवे आणि एक घंटा. नगरचा मेकॅनिक मच्छिंद्रसाहेब आठवड्यातून एकदा येतो, त्यानं मला लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं, "भिमाजी, घंटा वाजली की दिवा बघायचा. पिवळा, फ्यूज उडाला, मी आल्यावर बघीन. पांढरा, कुणीतरी रिसिव्हर जागेवर ठेवायला विसरलंय, पांढरा म्हणजे काही नाही. आणि लाल..." इथं त्यानं आवाज एवढा बारीक केला! "लाल म्हणजे बॅटरी उकळली. खोलीत गॅस धरतो. एक ठिणगी, की तू छपराच्या पत्र्यासकट उडून केडगावात!"

त्या दिवसापासून मी विडी सोडली. खरंच.

मग आली खंडेनवमी. घरोघर कोयत्याकुऱ्हाडीची पूजा, माझं हत्यार कोणतं? तीन दिवे! रतनबाईनं झेंडूचा हार घातला, आणि तेलात कालवलेलं कुंकू एकेका काचेला चांगलं थापलं. मी म्हणालो, "अगं, थोडं लाव." तर म्हणते, "देवाला थोडं लावत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पावसाचा पत्ता नाही, वारा नाही, कुत्रं भुंकत नाही... आणि घंटा! बघतो तर दिवा लाल! मधला की कडेचा, ते बघायला मी काय थांबतो? खटका पाडला, सगळे फोन बंद केले, आणि अनवाणी पळालो. का? तर फोन बंद केले की एकवीस घरी जाऊन सांगायचं, असा नियम. आडतवाला गहिनीनाथ म्हणतो, "का रं भिमाजी, पुरण लई झालं व्हय?" डॉक्टर आबासाहेब म्हणतात, "बस, पाणी पी." पाणी कसलं पितो! मागं वळून बघायची हिंमत नाही, आता उडतंय का मग उडतंय...

सतरा नंबर छबूबाईचा. नवरा धान्याचा व्यापारी होता, तो गेला, फोन तेवढा राहिला. एकटी असते. दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, "छबूआक्का!" ओ नाही. आत गेलो... रिसिव्हर वायरीला लोंबकळतोय, आणि खाली आक्का पडलेली. डॉक्टरला लावायला म्हणून उचलला, आणि तिथंच कोसळली.

मी तसाच उलटा पळालो, डॉक्टरला ओढत आणलं. ते म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर माझं काही काम नव्हतं."

मग मेकॅनिक आला. अंगठा थुंकीनं ओला केला, काच पुसली. खाली पांढरा! "अरे गाढवा, हा पांढरा होता! पांढरा म्हणजे काही नाही! सगळं गाव बंद पाडलंस!" मी मेमोवर सही केली. मला बोलायची सवय नाही. पण मनात म्हटलं, काच पुसलेली असती तर मी पडून राहिलो असतो हो... तिकडं आक्का, इकडं मी, आणि पांढरा म्हणजे काही नाही.

मेकॅनिकचे पाय धरले, दिवा कुणाचा ते तरी सांगा. म्हणाला, "यंत्रात प्रत्येक फोनाचा एक दांडा असतो. जो दांडा वर उठून अडकलाय, तो नंबर." तेवढं शिकलो. आता पांढरा लागला की सतराचा दांडा बघतो, तर तो उठलेलाच! पळत जावं, तर आक्का चुलीपुढं. "आलास? बस, च्या उकळलाय." रिसिव्हर मुद्दाम काढून ठेवते हो! म्हटलं, "आक्का, सरकारी यंत्र हाय ते!" तर म्हणते, "मग? सरकार येतंय का माझ्याकडं? तू येतुस." रोज एकदा, दुपारी. पांढरा म्हणजे चहा.

...थांबा. ऐकलंत? घंटा. पांढराच आहे. दांडाही सतराचाच... पण आजचा चहा तर झाला आमचा, अर्धा तासही झाला नसेल. साखर संपत आली म्हणत होती, तेच सांगायचं असेल... पांढरा म्हणजे काही नाही हो. माझी दुसरी चप्पल कुठं गेली? राहू द्या, अनवाणीच जातो.